झटका चाळीस सेकंदांचा, भीती दिवसभराची (खांद्याच्या नसा तुटलेल्यांशी बोलायचंय)

डावखुरा_नाइलाजाने

मंडळी, डाव्या हाताच्या एका बोटाने टंकतोय, त्यामुळे चुका पोटात घाला. बोलून टंकायची सोय वापरून पाहिली. मी म्हणालो "नसा तुटल्या", त्याने लिहिलं "नशा तुटली". तेव्हापासून बोटच बरं.

सात महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडलो. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. हाड एकही मोडलं नाही. पहिले काही तास सगळे म्हणत होते, थोडक्यात निभावलं. पण पडताना खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ओढली गेली होती. मानेतून हातात उतरणाऱ्या नसांची पाच मुळं असतात, सी-५ पासून टी-१ पर्यंत. त्यातली चार मज्जारज्जूपासून उपटून निघाली, एक ताणली गेली. 'उपटून' हा शब्द डॉक्टरांचाच. तुटलेली नस निदान शिवता तरी येते, मुळासकट उपटलेली परत तिच्या जागी लावता येत नाही. उजव्या डोळ्याची पापणी किंचित उतरली आहे, तीही टी-१ गेल्याची खूण. आरशात पाहिलं की वाटतं, अर्धा चेहरा झोपेतून उठलाच नाही.

साडेतीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. फासळ्यांमधल्या तीन नसा वळवून दंडाच्या स्नायूला जोडल्या, खांद्यासाठी मानेजवळची एक घेतली. आता वाट पाहायची. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

हात लुळा पडलाय हे एक वेळ समजून घेता येतं. पण ज्या हाताला चिमटा काढलेला कळत नाही तोच हात इतका दुखतो कसा, हे घरच्यांना समजावता समजावता मी थकलो. दुखणं दोन तऱ्हेचं आहे. एक सतत चालू असतं : पंजा निखाऱ्यात धरल्यासारखी आग. दुसरे झटके. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत वीज चमकून जाते, तोंडातून आवाज निघतो, हातातलं पडतं. शिवाय मूठ. पंजा मांडीवर सैल, उघडा पडलेला मला दिसतो आणि आतून वाटत असतं की मूठ गच्च आवळली आहे, नखं तळव्यात रुतताहेत. ती मूठ मला उघडता येत नाही, कारण ती मिटलेलीच नाही!

फिजिओने एक वही करायला सांगितलं. झटका आला की वेळ लिहायची, किती सेकंद ते लिहायचं. मला खात्री होती की एकेक झटका पाच-पाच मिनिटांचा असतो. आठ दिवस लिहिलं. सगळ्यात लांब झटका ४० सेकंदांचा निघाला. सगळ्यात वाईट दिवशी २३ झटके. बेरीज केली तर सगळे मिळून दहा मिनिटंसुद्धा होत नाहीत.

मग बाकीचा दिवस कोण खातं? भीती. जिन्यावर असताना आला तर? रस्ता ओलांडताना आला तर? कोणी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला तर? झोप लागता लागता येतो, म्हणून झोपायचीच भीती. मागून मोटरसायकलचा आवाज आला की मी भिंतीला चिकटतो, मग भले ती पन्नास फुटांवर असो. दुखण्याला गोळ्या चालू आहेत, थोडा उतारही आहे. या दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं?

आणि जाता जाता एक फालतू वाटेल असा प्रश्न. चांगल्या हाताची नखं तुम्ही कशी कापता? उजव्या हाताची डावा कापतो. डाव्याची कोण कापणार? दर आठवड्याला बायकोपुढे हात पसरून बसतो आणि त्या पाच मिनिटांत मला जितकं वाईट वाटतं तितकं ऑपरेशनच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

रानवारा

वाचून सुन्न झालो. अनुभव नाही, म्हणून सल्ला देत नाही. एकच विचारतो, जो हात मेंदूपासून तुटलाय तो दुखतो कसा? कुतूहल आहे, राग नसावा.

जुनाखांदा

डावखुरा, या बसा. मला नऊ वर्षं झाली. डावा हात, पाचही मुळं.

रानवारा, मला माझ्या सर्जननी सांगितलं ते असं. हात दुखतच नसतो. मूळ उपटलं की मज्जारज्जूतल्या ज्या पेशी हाताकडून येणारे निरोप घ्यायच्या त्यांच्याकडे काहीच येईनासं होतं. मग त्या आपणहून पेटतात, निरोप नसताना निरोप पाठवत सुटतात. मेंदूला वाटतं हाताकडूनच आला. म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्यांनी फारसं काही होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन असली नसांवरची औषधं द्यावी लागतात. कोणाला कुठलं लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. मला दुसरं लागलं, पहिल्याने नुसताच दिवसभर पेंगायचो.

आता डावखुरा, तुमच्या वहीबद्दल. ती बेरीज मला कोणी पहिल्या वर्षी करायला लावली असती तर बरं झालं असतं. मी उलटं केलं. झटका यायच्या आधी काय करत होतो ते शोधत बसलो. हसलो होतो? मग हसणं कमी. मान वळवली होती? मग मान धरून ठेवायची. बाहेर गेलो होतो? मग घरी. सहा महिन्यांत माझं जग एका खुर्चीएवढं झालं आणि झटके होते तेवढेच. उलट जास्तच, कारण खुर्चीत बसून दुसरं काम काय? हाताकडे लक्ष ठेवायचं.

खुर्चीतून उठवलं ते एका बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाने. पुतण्या ते घेऊन आला, "काका, तुम्ही पूर्वी करायचात ना". एका हाताने घड्याळ उघडायचं म्हणजे काय ते करून पाहा. टेबलाच्या कडेला पोटाने दाबून धरायचं, स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा, निघालेला स्क्रू जमिनीवर पडणार, तो शोधायचा. दोन तास गेले. उठलो तेव्हा लक्षात आलं की दोन तासांत एकदाही कळवळलो नव्हतो. घड्याळ काही चालू झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. या दुखापतीचे बहुतेक पेशंट हेच सांगतात म्हणे, की कामात बुडालं की दुखणं मागे सरतं. पण काम बुडवणारं हवं. टीव्ही चालत नाही, टीव्ही बघता बघता माणूस हाताकडे बघतो.

नखांचं उत्तर सोपं आहे. खरखरीत नखघासणी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने टेबलाच्या कडेला पक्की चिकटवा आणि नख तिच्यावर घासा. घासणी हलत नाही, बोट हलतं. नेलकटर फळीवर ठोकून तळव्याने दाबायची जुगाडंही आहेत, पण मला घासणी बरी वाटली.

सकारात्मक_सूर्य

मित्रा, सगळं मनात असतं. दुखणार म्हटलं की दुखतंच. सकाळी उठून स्वतःला सांग, माझा हात बरा आहे. सोबत कोमट तेलाने जोरात मालीश आणि गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. नसा मोकळ्या होतील. माझ्या ओळखीत एकाचा पूर्ण बरा झाला.

फिजिओताई

सूर्यदादा, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य, पण हा धागा ज्यांना खरंच ही दुखापत झाली आहे ते वाचणार, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या हाताला संवेदना नाही त्याला शेक देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका पेशंटच्या मनगटावर पिशवी वीस मिनिटं ठेवली होती. त्यांना काहीच कळलं नाही. कपडे बदलताना बाहीला काहीतरी ओलं लागलं, पाहिलं तर फोड फुटलेला. ती जखम भरायला आठवडे गेले. भाजणं, दरवाजात सापडणं, उन्हात तापलेल्या पत्र्यावर हात टेकणं, सगळं डोळ्यांनी पाहून टाळायचं. आणि लुळ्या खांद्याला जोरात मालीश नाही. स्नायूंनी धरून ठेवलेला नसल्याने तो सांधा आधीच खाली उतरलेला असतो.

तुमच्या ओळखीतले बरे झाले असतील, त्यात खोटं नाही. नस नुसती ताणली जाऊन बधिर झाली असेल तर आठवड्यांत, महिन्यांत आपोआप सुधारते. आतले तंतू तुटले पण बाहेरचं आवरण शाबूत असेल तर हळूहळू वाढून येते. पूर्ण तुटली किंवा मुळातून उपटली तर नाही. सेडन नावाच्या सर्जनने १९४३ मध्ये नसांच्या दुखापतींची अशी वर्गवारी केली, पण मुळातून उपटणं म्हणजे त्याच्याही पलीकडचं. तिघांचाही हात पहिल्या दिवशी सारखाच लुळा दिसतो, म्हणून लोक एकाचा अनुभव दुसऱ्याला चिकटवतात.

यात खरा धोका वेळेचा. नस नसलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात इतका बदलतो की नंतर नस पोचली तरी तो जागा होत नाही. म्हणून साधारण तीन ते सहा महिन्यांत ऑपरेशनचा निर्णय व्हावा लागतो. "बघू, मालीश करून पाहू" म्हणत दहा महिने घालवून येतात तेव्हा मला काय बोलावं सुचत नाही.

डावखुरा, स्लिंग चालताना घाला, बसल्यावर काढून हात उशीवर ठेवा. डाव्या हाताने उजव्याचे सांधे रोज सगळ्या दिशांनी फिरवा, बोटंसुद्धा, ऑपरेशनमुळे सर्जननी जी बंधनं घातली असतील ती सांभाळून. नस कोपरापर्यंत पोचेल तेव्हा कोपर वाकता आलं पाहिजे, गंजलेलं असून चालणार नाही. भीतीचं म्हणाल तर मागून येणाऱ्या मोटरसायकलला भिंतीला चिकटणं हे अपघाताचं आहे, हाताचं नाही. त्याला वेगळे उपचार आहेत, समुपदेशकाकडे जायला लाजू नका. खांद्याइतकीच तीही दुखापत.

पानापानात

थोडं अवांतर. या दुखण्यावर पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं ते अमेरिकन यादवी युद्धाच्या वेळी (१८६१-६५). सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरने गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांची टिपणं ठेवली. आग इतकी व्हायची की काही सैनिक हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, काही तर कोरड्या कपड्याचं घासणं सोसवेना म्हणून बुटात पाणी ओतून चालायचे. त्या काळी बऱ्याच जणांना वाटलं असणार, हे नाटक करताहेत. तुम्ही घरच्यांना समजावून थकलात असं लिहिलंत, म्हणून आठवलं.

तिची_बाजू

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. पाच वर्षं झाली. एक गोष्ट सांगू का डावखुरा? भीती तुम्हालाच वाटते असं नाही. ह्यांना झटका आला की ह्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि मी जिथे असेन तिथून धावत यायचे. "काय झालं? फार दुखतंय का? काही देऊ का?" ह्यांना ते चाळीस सेकंद दातावर दात धरून काढायचे असायचे आणि त्यात मला उत्तरंही द्यायची. एकदा ओरडले माझ्यावर. मी दिवसभर बोलले नाही.

शेवटी आमचं ठरलं. झटका आला की ह्यांनी टेबलावर डाव्या हाताची दोन बोटं वाजवायची. म्हणजे "आलाय, जाईल, जवळ येऊ नकोस". मदत हवी असेल तर सबंध हात आपटायचा. पाच वर्षांत सबंध हात तीनदा आपटला आहे. टकटक मात्र इतकी झाली की आमची मुलगी बाहुल्यांशी खेळताना तसं करायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं. नंतर वाटलं, बरंच झालं, तिला ह्याची भीती तरी वाटत नाही.

आणि नखांचं. तुम्हाला ती पाच मिनिटं नकोशी वाटतात. तुमच्या बायकोला एकदा विचारून बघा. मला ती हवीशी वाटायची. दिवसभरात तेवढीच एक वेळ जेव्हा मी काहीतरी करू शकत होते.

डावखुरा_नाइलाजाने

ताई, बायकोला वाचायला दिलं. तिने वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "घासणी आणायची तर आण." एवढंच. पण शनिवारी नेलकटर घेऊन तीच आली. मी हात पुढे केला.

टकटक सुरू केली आहे. पहिल्याच दिवशी गोंधळ झाला, मी सहज ताल धरला होता आणि सगळं घर गप्प झालं.

पानापानात, बुटात पाणी ओतणाऱ्या सैनिकाची गोष्ट भावाला सांगितली. तो पहिल्यांदाच काही न बोलता ऐकत राहिला.

सूर्यदादा, राग नाही. मी रोज सकाळी हाताला काय काय सांगतो ते इथे छापण्यासारखं नाही.

फिजिओताई, आरशाचं काय? पंजा आरशामागे लपवायचा, चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहत मूठ उघडायची, म्हणजे मेंदूला वाटतं आजारी हाताची उघडली. मी पाहिलं करून. पहिल्या वेळी खरंच मूठ सुटल्यासारखं वाटलं, अंगावर काटा आला. चौथ्या दिवशी काहीच नाही.

फिजिओताई

मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन यांची १९९० च्या दशकातली युक्ती ती. तुटलेल्या हाताच्या भासासाठी काढली होती. काहींना छान लागू पडते, काहींना अजिबात नाही. रोज दहा मिनिटं चार-सहा आठवडे करून बघा, मगच सोडा. त्रास वाढला तर लगेच थांबवा. आणि गोळ्या बऱ्या वाटतात म्हणून किंवा झोप येते म्हणून एकदम बंद करू नका कोणी, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात त्या.

अर्धीरात्र

नवीन सदस्य आहे. अपघाताला एकोणीस दिवस झाले. वय २४. ईएमजी (नसा-स्नायूंमधल्या विजेची तपासणी) पुढच्या आठवड्यात आहे, आधी करून उपयोग नाही म्हणाले. कोणी काही नक्की सांगत नाही. रात्री दोन-तीनला झटके येतात तेव्हा असं वाटतं की हे असंच राहणार असेल तर कशाला राहायचं. घरी बोललो नाही. सगळे आधीच घाबरलेत. इथे का लिहितोय माहीत नाही.

जुनाखांदा

अर्धीरात्र, बरं झालं लिहिलंस. अरे-तुरे करतो, वयाने मोठा आहे.

आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर, घरातल्या एका माणसाला उठव आणि तू वर जे वाक्य लिहिलंस तेच्या तेच सांग. सौम्य करू नकोस. ते घाबरतील. घाबरू देत, त्यांना घाबरणं जमेल. एकट्याने रात्री दोनला हे धरून ठेवणं कोणालाच जमत नाही, मलाही जमलं नव्हतं. कोणी जवळ नसेल तर आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला नाहीतर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात फोन कर. आणि डॉक्टरांना सकाळीच सांग की रात्रीच्या झटक्यांनी जगणं नको वाटतंय. नुसतं "दुखतं" म्हणालास तर ते पुढच्या भेटीला पाहू म्हणतील. औषधाचा डोस रात्रीकडे सरकवता येतो, औषध बदलता येतं. औषधांनी नाहीच भागलं तर मज्जारज्जूत मूळ शिरतं त्या जागेवर करायची ऑपरेशनंही आहेत. त्यात धोके आहेत, म्हणून ती शेवटी. पण रस्ता इथे संपत नाही.

एकोणिसाव्या दिवशी मला कोणी म्हणालं असतं "कमी होईल" तर मी मारायलाच धावलो असतो. म्हणून नुसतं माझं सांगतो. पहिली दोन वर्षं वाईट. तिसऱ्या वर्षी रात्री सलग झोपायला लागलो. आता आठवड्यातून दोन-चार झटके. थंडी पडली किंवा ताप आला तर जास्त. शून्य झालेले नाहीत, ते खोटं सांगणार नाही. कोपर नवव्या महिन्यात पहिल्यांदा हललं, तेही शिंकल्यावर! फासळ्यांमधली नस ना, तिला श्वासाचंच काम माहीत. शिंकलो आणि दंडात मासोळी वळवळल्यासारखं झालं. पुढे महिनोन् महिने खोल श्वास घेऊन कोपर वाकवायचो, लोकांना वाटायचं मी उसासे टाकतोय. आता श्वासाची आठवणही येत नाही.

सकाळी इथे एक अक्षर तरी टाक. नुसतं 'हो' लिही.

अर्धीरात्र

हो. आईला उठवलं. ती इथेच बसली आहे. आत्ता झोपतो.

डावखुरा_नाइलाजाने

जुनाखांदा, तुमच्या शिंकेच्या नादाने मी दोन आठवडे उगाच खोकतोय. दंडात काही नाही. फिजिओ म्हणाल्या, अजून रस्त्यात असेल, घाई करू नका.

बाकी प्रगती अशी. समुपदेशकाकडे तीन वेळा जाऊन आलो. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, मोटरसायकली जाऊ द्यायच्या, एवढंच काम दिलं आहे. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत घरी पळालो. काल दहा झाली, घाम फुटला पण भिंत धरली नाही.

आणि शेजारच्या मुलाची सायकल दुरुस्त करायला घेतली आहे. एका हाताने चेन बसवणं हा काय प्रकार आहे ते कोणाला सांगू. पायाच्या अंगठ्याने पेडल धरायचं, गुडघ्याने फ्रेम, आणि चेनचं टोक दातात धरायचा मोह आवरायचा. संध्याकाळी वही उघडली तर कालचं पान कोरं. झटके आले नव्हते असं नाही, दोनदा स्पॅनर पडलेला आठवतो. लिहायचं राहून गेलं.

अर्धीरात्र, ईएमजीचं काय झालं? कळव.